गाडीतल्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’च्या सीडी: दहा महिन्यांनंतर

आमची गाडी २०१२ची. ब्लूटूथ नाही. यूएसबीचं तोंड आहे, पण त्यात काहीही खुपसलं तरी ते ओळख दाखवत नाही. सीडी प्लेअर मात्र ठणठणीत. गेल्या जूनपासून कामासाठी आठवड्यातून तीन दिवस साताऱ्याहून पाचगणीला जाते. पाचवड फाटा, वाई, पसरणीचा घाट. एका बाजूचे सव्वा ते दीड तास. आधी मोबाइलवर गाणी लावून बघितली. घाटात रेंज जाते आणि गाणं नेमकं रंगात आलं की स्क्रीनवर ते चाक गरगरायला लागतं. शेवटी सीडीच घ्यायच्या ठरवल्या. इंग्रजी रॉक-पॉप मला कॉलेजात कानावर पडलं तेवढंच ठाऊक. एकेक अल्बम शोधत बसण्यापेक्षा जुन्या गाजलेल्या गाण्यांचे संग्रह बरे, असा सरळ हिशेब केला.

पाच संग्रह घेतले. चार गाडीत आहेत. पाचव्या डब्यातल्या तिन्ही सीडी सध्या गच्चीवर दोरीला टांगल्यात, कबुतरं हाकलायला.

आधी त्या कबुतरांच्या सीडींबद्दल, कारण तुमचे पैसे वाचतील. तीन सीडी, साठ गाणी, साठ-सत्तरच्या दशकातली बडी बडी नावं, आणि किंमत एका पिझ्झ्याएवढी. ऑनलाइन मागवल्या. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा वाटलं, प्लेअर बिघडला. चाल तीच, आवाजही त्याच माणसाचा, पण लग्नाच्या ऑर्केस्ट्रात नवरदेवाच्या काकांनी माईक हातात घ्यावा तसा. ड्रमच्या जागी यंत्राची टिकटिक. वाईला गाडी बाजूला घेऊन डबा उन्हात धरला, चष्मा लावला, तेव्हा मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं: काही गाणी मूळ कलाकारांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली आहेत. ‘काही’ म्हणजे मी मोजली तर निम्म्याहून जास्त. विक्रेत्याने सील फोडलंय म्हणून परत घेतलं नाही.

यात बेकायदेशीर काही नाही, हे नंतर वाचून कळलं. गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे. मूळ मुद्रण बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीच्या ताब्यात असतं आणि ते वापरायचं तर कंपनी सांगेल ती किंमत मोजावी लागते. मग बँडमधला एखादा गायक म्हातारपणी स्टुडिओत जाऊन तेच गाणं परत गातो. हे मुद्रण त्याचं स्वतःचं, त्यामुळे स्वस्तात देता येतं. चांगले बँडही हे करतात. डेफ लेपर्डचं डिजिटल विक्रीच्या पैशांवरून कंपनीशी बिनसलं, तेव्हा २०१२ साली त्यांनी आपलीच दोन गाजलेली गाणी जवळजवळ हुबेहूब परत वाजवून बाजारात आणली. पण त्यांनी मेहनत घेतली होती. माझ्या डब्यातल्या मंडळींनी एका दुपारी उरकलंय.

आता उरलेल्या चार. यातली ईगल्सची मी फक्त एका गाण्यासाठी घेतली आणि ते गाणं त्यात नाहीच. ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स १९७१–१९७५’. नावातच साल आहे, पण आपण कुठे वाचतो! हा संग्रह फेब्रुवारी १९७६ मध्ये आला आणि आपल्याकडे प्रत्येक गिटारवाला जे वाजवतो ते ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ त्याच वर्षीच्या डिसेंबरात. हे कळेपर्यंत मी दहाच्या दहा गाणी दोनदा तपासली होती. राग आला, पण सीडी काढून टाकली नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने या संग्रहाला ३८ वेळा प्लॅटिनम ठरवलं, म्हणजे तीन कोटी ऐंशी लाख प्रतींचा हिशेब (त्यात स्ट्रीमिंगही धरतात). तेव्हा तो मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्याही पुढे गेला. एवढं काय आहे त्यात, तर खरं सांगायचं म्हणजे कुठेही टोचत नाही. त्रेचाळीस मिनिटं, वाई येईपर्यंत संपतो. सकाळी छान. दुपारी जेवून परतताना मात्र लावू नका, डोळे मिटायला लागतात. पाचवड फाट्याच्या अलीकडे एकदा मला खिडकी उघडून तोंडावर पाणी मारावं लागलंय.

बीटल्सचा ‘१’ (२०००) बरोबर याच्या उलट. त्यात निवड माणसाने केलेली नाही, नियमाने केलीय: ब्रिटन किंवा अमेरिकेत जे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं ते आत, बाकी बाहेर. सत्तावीस गाणी, एकोणऐंशी मिनिटं, सीडी काठोकाठ. नियमाचा दुराग्रह कसा होतो ते १९६७ सालच्या एका सिंगलवरून, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीवरून, कळतं. तिच्या एका बाजूला ‘पेनी लेन’, दुसऱ्या बाजूला ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’. ब्रिटनमध्ये ती जोडी दुसऱ्या क्रमांकावर अडली, अमेरिकेत ‘पेनी लेन’ एकटंच पहिलं आलं. त्यामुळे एक भाऊ आत आणि दुसरा दाराबाहेर. बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनने लिहिलेलं तर अख्ख्या सीडीत एकच गाणं. तरीही गाणी सालाप्रमाणे लावल्यामुळे एक मजा होते. साताऱ्यात निघताना ही चार पोरं दोन-दोन मिनिटांची प्रेमगीतं म्हणत असतात, आणि घाट चढून वर येईपर्यंत १९७० उजाडलेलं असतं, सगळे थकलेले, दाढी वाढवलेले. सलग ऐकलं तरच ते जाणवतं. माझी एक सहकारी मात्र पहिली दहा गाणी नेहमी पुढे ढकलते.

क्वीनच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’बद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही, कारण गाडी जिथे थांबते त्याच गावात या बँडचा गायक शाळेत होता. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बल्सारा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये बोर्डर. इथेच पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. पुढे लंडनला जाऊन फ्रेडी मर्क्युरी झाला. १९८१ चा हा संग्रह ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम आहे. २०२२ मध्ये त्याने सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला. सतरा गाणी, जेमतेम तासाभराची. सुरुवातीलाच सहा मिनिटांचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, म्हणजे पंगतीत बसल्याबसल्या जिलबी. मला वाटलं, पुढे सगळं फिकं पडणार. पडत नाही, कारण या बँडची दोन गाणी एकमेकांसारखी नाहीत. डिस्को होतं, मग नाटकातल्यासारखं काहीतरी, मग सायकलींच्या घंट्या.

सुट्टीत मुलगा बरोबर येतो. साताऱ्यातून वेळेत निघालो आणि वाईच्या पुलावर ट्रॅफिक लागलं नाही, तर घाटातल्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर ते दोनदा पाय आपटून एक टाळी वाजवायचं गाणं, ‘वी विल रॉक यू’, येतं. मुलगा मांडीवरच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यावर तो ठेका धरतो, टाळीच्या जागी झाकण आपटतो. डब्याला पोचा पडलाय. मी काही बोलत नाही.

एक तक्रार त्याचीच आहे. ‘अंडर प्रेशर’ यात का नाही? हा संग्रह आणि ते गाणं ब्रिटनमध्ये एकाच दिवशी बाजारात आलं, २६ ऑक्टोबर १९८१ ला. अमेरिकेतल्या प्रतीत ते घातलं, ब्रिटिश प्रतीत नाही. त्यासाठी १९९१ चा दुसरा भाग घ्यावा लागतो. तेव्हा मागवताना कोणत्या देशाची आवृत्ती आहे ते बघा, नुसतं मुखपृष्ठ बघून फसाल.

सगळीच गाणी गाजलेली, याचा एक त्रास चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरू झाला. पुरणपोळीवर पुरणपोळी, मध्ये कटाची आमटी नाही. साध्या अल्बममध्ये दोन-चार बेताची गाणी असतात, तिथे कान जरा टेकतो. इथे प्रत्येक जण स्टेजवर पुढे यायला बघतो. आमच्या वेळी कॅसेटच्या दुकानदाराला यादी द्यायची, तो नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून द्यायचा. त्यातही सगळी आवडतीच असायची, पण हे कधी जाणवलं नाही. बहुधा बाजू उलटायला उठावं लागायचं म्हणून. (प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं मध्येच तुटायचं, ते वेगळं.)

या दुखण्यावर उतारा सापडला तो ‘अ‍ॅबा गोल्ड’मध्ये. १९९२ चा हा संग्रह, बँड थांबून तेव्हा दहा वर्षं झाली होती. एकोणीस गाणी, आणि क्रम कुणीतरी डोकं लावून ठरवलाय. ज्या ‘वॉटर्लू’ने १९७४ ची युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकून त्यांचं नशीब उघडलं ते चक्क शेवटी. मध्ये वेग उतरतो, परत चढतो. सासूबाई महिन्यातून एकदा वाईला माहेरी यायला बरोबर असतात. त्यांना इंग्रजी येत नाही. ‘द विनर टेक्स इट ऑल’ लागलं तेव्हा मागच्या सीटवरून म्हणाल्या, “अगं, हिचं नवऱ्याशी वाजलंय का?” मी आरशात बघतच राहिले. ते गाणं लिहिणारा ब्यॉर्न हा गाणाऱ्या अग्नेताचा विभक्त झालेला नवरा. मी एवढंच सांगितलं. “तरी गायली ती?” म्हणाल्या आणि वाई येईपर्यंत गप्प बसल्या.

ही सीडी पुण्याच्या जुन्या बाजारातून दीडशे रुपयांत घेतली. नववं गाणं अडकतं, ‘मनी, मनी, मनी’, म्हणजे पैशावरच. दोष माझा, मागची बाजू नीट बघितली नाही. सीडी पुसायची ती मधून बाहेरच्या कडेकडे, सरळ. गोल गोल पुसलं तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि तो प्लेअरला सावरता येत नाही. छापील बाजूही जपा, माहिती असलेला चकचकीत थर तिच्या लगेच खाली असतो. मी हे शिकले तोवर ती चार वेळा साडीच्या पदराने गोल पुसून झाली होती.

क्वीनचा दुसरा भाग मुलाला हवाय, आणि अ‍ॅबाची न अडकणारी प्रत सासूबाईंना. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी मला पाचगणी, तेव्हा रविवारीच जाऊ. या वेळी प्रत्येक सीडी उन्हात धरून बघणार, विक्रेता कितीही कुरकुरला तरी.