डोनटचं मशीन घेताय? आधी पीठ ठरवा

दुकानात डोनटचं मशीन बसवायचं असेल, तर किंमत विचारायच्या आधी एवढं ठरवा: पीठ बेकिंग पावडरचं की यीस्टचं? दोन्ही पिठांची यंत्रं वेगवेगळी घडत गेली.

पहिली वाट अडॉल्फ लेविटची. रशियातून न्यूयॉर्कला आलेला हा बेकरीवाला. हार्लेममध्ये नाटकं सुटली की त्याच्या दुकानात झुंबड उडायची, हाताने काढलेले घाणे पुरायचे नाहीत. १९२० मध्ये त्याने यंत्र आणलं. ही पद्धत आपल्या मेदूवड्याच्या साच्यासारखीच: भांड्यात घट्टसर पीठ, तळाशी चकती. चकती खाली सरकली की भोवतीच्या फटीतून पिठाचं कडं सुटतं, थेट तेलात. कडं आधी बुडतं, मग वर येऊन तरंगत पुढे जातं. अर्ध्या वाटेवर पट्टी त्याला अलगद उलटवते. एका बाजूला जेमतेम पाऊण मिनिट. पीठ फुगायची वाट बघायची नाही, म्हणून छोट्या जागेत, एका माणसावर हे निभतं. लेविटने यंत्र काचेमागे मांडलं होतं, बघायला थांबलेले लोक डोनट घेऊनच जायचे. तुम्हीही ते रस्त्याच्या बाजूलाच ठेवा.

अडचण पिठाची. ते जरा सैल पडलं की कडं वेडंवाकडं होतं. लेविटची कंपनी पुढे तयार मिक्सही विकू लागली. मिक्सचा दर नीट विचारून घ्या; मशीन एकदाच घ्यायचं, मिक्स कायमचं.

दुसरी वाट क्रिस्पी क्रीम या अमेरिकन डोनट कंपनीची. व्हर्नन रुडॉल्फने १९३७ मध्ये विन्स्टन-सेलमला यीस्टचे डोनट करून किराणा दुकानांना द्यायला सुरुवात केली. वासाने लोक दारात यायला लागले, तेव्हा भिंतीला खिडकी पाडून गरम डोनट विकले. हा डोनट हलका, आत छान जाळी पडलेला; चवीत मला तोच आवडतो. पण कडी पाडल्यावर ती उबदार, दमट कपाटात अर्धा-पाऊण तास फुगू द्यावी लागतात. त्यासाठी जागा हवी, ट्रे हवेत, आणि पीठ आलं की नाही हे बोटाने ओळखणारा माणूस हवा. त्यांचं १९५०च्या दशकातलं ‘रिंग किंग ज्युनिअर’ यंत्र आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

पहिलंच दुकान असेल तर लेविटच्या पद्धतीचं घ्या. यीस्टकडे हात बसल्यावर वळा. आणि मशीन बघायला जाल तेव्हा पहिल्या घाण्यावर भुलू नका. तासभर चालू द्या, मग निघालेला डोनट खाऊन बघा.