खुंटलेल्या वाढीवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम: कुठे जमला, कुठे फसला

लहान मुलांच्या खुंटलेल्या वाढीवरील सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. आहारशास्त्र, स्वच्छता, वैद्यक आणि अर्थशास्त्र यांची सांगड घालून हा प्रश्न शिकवला जाईल, असे माहितीपत्रकात म्हटले होते; ती सांगड काही आठवड्यांत खरोखर बसली आहे, बाकी ठिकाणी मात्र ज्याने त्याने आपला विषय शिकवून रजा घेतली आहे.

सर्वांत कसदार आठवडा तिसरा. दूषित पाणी आणि घाण यांमुळे आतड्यांना सतत संसर्ग होऊन वाढ खुंटते, तेव्हा शौचालय, हात धुणे आणि शुद्ध पाणी यांची सोय केली की मुलांची उंची वाढेल, हा तर्क कोणालाही पटेल. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे येथे त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या, आणि 2018-19 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्वच्छतेच्या उपायांनी उंचीत फरक पडला नाही. पूरक आहाराने पडला, तोही थोडाच, आणि दोन्ही एकत्र दिल्याने त्यात भर पडली नाही. ‘एकात्मिक’ हा शब्द मिरवणाऱ्या अभ्यासक्रमाने हे न लपवता सांगितले, याचे मला कौतुक वाटले. शिवाय कोंबड्यांची विष्ठा पडलेल्या अंगणात रांगणारे मूल दाखवून, घरातले शौचालय त्याच्या तोंडात जाणारे जंतू का अडवू शकत नाही, हे समजावण्यासाठी तेथे पशुवैद्यकाला बोलावले आहे.

मोजमापाचा धडाही उत्तम आहे. दोन वर्षांखालील मुलाला आडवे झोपवायचे, एकाने डोके फळीला टेकवून धरायचे आणि दुसऱ्याने गुडघे हलके दाबून सरकती फळी तळव्यांना भिडवायची. तेच मूल उभे केल्यास सुमारे 0.7 सेंटिमीटर कमी भरते. मी बाहुलीवर घेतलेली पहिली तीन मापे एकमेकांशी जुळली नाहीत, आणि बाहुली तर पायही झाडत नाही.

तक्रार आहे ती अभ्यासक्रमातल्या परीक्षांविषयी. वयानुसार उंची निरोगी मुलांच्या मध्यापासून दोन प्रमाण विचलनांहून (म्हणजे नेहमीच्या चढउतारापेक्षा बरीच) खाली असणे, ही खुंटलेल्या वाढीची व्याख्या तेथे पुन्हा पुन्हा विचारली जाते. मात्र जिथे वाढ खुंटलेली मुले पुष्कळ असतात, अशा समाजांत त्या रेषेच्या वर असलेल्या मुलांचीही उंची सहसा घटलेली असते, हे एकदाही येत नाही. अर्थशास्त्राचा सहावा आठवडा म्हणजे निव्वळ आलेख आहेत. सोबतच्या टिपणांवर त्याचे भागते.