शाडू, मिठाचा मैदा की बोटांचे रंग?

घरात तीन-साडेतीन वर्षांचं मूल आहे, त्याला हात बरबटवून खेळायचंय, आणि घर फ्लॅटमधलं, त्यातही भाड्याचं. अशांसाठी हे लिहितोय. अंगण असेल तर यातलं काहीही द्या, प्रश्नच मिटला. आमच्याकडे लेकीसाठी तिन्ही प्रकार करून झालेत. तुमच्या घरची गणितं वेगळी असतील, तेवढं धरून वाचा.

पहिल्या दिवशी बोटांचे रंगच बाजी मारतात, यात वाद नाही. घरी करायलाही सोपे. 1 वाटी कॉर्नफ्लोअर, 4 वाट्या पाणी, गुठळ्या न होऊ देता मंद आचेवर ढवळायचं, खळ झाली की गार करून खाण्याचा रंग घालायचा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, मग वास मारते. पिवळ्यासाठी हळदीचा मोह होतोच. घाला, पण हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो आणि घरातली मोठी माणसं दचकतात. कपडा उन्हात टाकला की डाग फिका पडतो. विकतच्या बाटलीवर ‘नॉन टॉक्सिक’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बोट चाटलं तर धावाधाव करू नका एवढाच घ्यावा.

मैद्याचा गोळा हा सगळ्यात समंजस प्रकार. 2 वाट्या मैदा, 1 वाटी मीठ, 2 वाट्या पाणी, 2 चमचे तेल आणि लिंबाचा रस, सगळं कढईत घालून उकडीसारखं घोटायचं. गोळा कडा सोडू लागला की उतरवून गरम असतानाच मळायचा. सोऱ्यातून शेव पडते, लाटणं चालतं, कंगव्याने रेघा उमटतात. मिठामुळे टिकतो, पण तेच मीठ पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेतं. आम्ही ठाण्यात राहतो. जुलैत झाकण घट्ट लावलेल्या डब्यातही गोळ्याला पाणी सुटतं, मग पुन्हा मैदा, पुन्हा मळणं. बोटाला जरासं खरचटलेलं असलं तरी झोंबतं. आणि मीठ एवढं असतं की मुलाने किंवा घरातल्या कुत्र्याने मोठा तुकडा गिळला तर ते प्रकरण साधं नाही.

तिसरी शाडू. करड्या रंगाची, पहिल्या नजरेत मुलांना अजिबात न भुरळ घालणारी. परातीत थोडी माती, शेजारी वाटीत पाणी, एवढंच द्यायचं. पाणी किती घालायचं ते मूल स्वतः ठरवतं आणि खेळ तिथेच रंगतो. कमी पडलं की कडेला भेगा जातात, जास्त झालं की बोटांमधून लगदा निसटतो. आमची लेक निम्मा वेळ काहीच बनवत नाही, नुसता अंगठा रुतवून भोकं पाडते आणि पुन्हा लिंपते.

माझा निकाल मात्र शूने लावला. गॅलरीत सगळं मांडून, जुनी चादर अंथरून मूल रंगात कोपरापर्यंत बुडालं की हमखास हाक येते, “बाबा, शू आली!” गॅलरी ते बाथरूम या वाटेवर सरकत्या दाराची कड, सोफ्याचा हात, पॅसेजची भिंत आणि कडी. घरमालकाने स्वस्तातला डिस्टेंपर दिलेला. ओल्या फडक्याने ठसा घासला की ठशासोबत भिंतीचाही रंग निघतो. मग आपण ओरडतो, “हात वर! कशाला हात लावू नकोस!” हात वर धरून चालता चालता पोर रडकुंडीला येते आणि परत आल्यावर खेळायला बसतच नाही. मैद्याने भिंत वाचते, पण तळव्याला चिकटलेले तुकडे घरभर फिरतात आणि फरशीच्या सांध्यात वाळून बसतात. शाडूचा हात भिंतीला लागला तर मी बघतही नाही. ओला असताना पुसला तर पसरतो. वाळू दिला की कोरड्या ब्रशने भुकटी होऊन पडतो. ओरडावं लागत नाही, हा माझ्यासाठी फार मोठा फरक.

शाडूचे त्रास आहेतच. हात बेसिनमध्ये धुतले तर माती पाइपमध्ये बसते आणि प्लंबर बोलवावा लागतो. म्हणून हात आधी बादलीत धुवायचे, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी झाडांना आणि गाळ परत डब्यात. वाळलेली माती केरसुणीने झाडू नका, बारीक धूळ नाकात जाते. ओल्या फडक्याने टिपून घ्या. सुकलेली खेळणी रात्रभर पाण्यात टाकली की सकाळी पुन्हा माती तयार. दोनेक वर्षांच्या आतलं, सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर मात्र शाडू नको, मिठाचा गोळाही नको. पोळ्यांच्या कणकेतली गोळी काढून द्या आणि समोर बसा. वाढदिवसाला चार मुलं जमणार असतील तर रंगच आणा, त्या गर्दीत शाडू फिकी पडते.

पाण्यात फुगणाऱ्या जेलीच्या गोळ्यांचा विचार करत असाल तर सोडून द्या. गिळल्या तर पोटात फुगून आतडं अडवू शकतात; अमेरिकेत 2023 च्या अखेरीस ॲमेझॉन, वॉलमार्ट, टार्गेट यांनी लहान मुलांसाठी म्हणून त्या विकणं बंद केलं.

शाडू घ्यायची तर गणपतीच्या आधी घ्या, तेव्हा सहज मिळते. वर्षाची बेगमी करून ठेवता येते. त्याच दुकानात पीओपीचीही पोती असतात आणि पूड दिसायला पांढुरकीच. पीओपी घट्ट होताना तापतं, त्यात हात रुतून राहिला तर भाजतो. सुटी पूड आणली असेल तर मुलाला देण्याआधी चमचाभर भिजवून तासभर ठेवा. बोटाने दबली तर शाडू. कडक झाली तर परत करा.