जलवाहिन्यांतील दाबाची नोंद: पंधरा मिनिटांची की क्षणाक्षणाची?

पाणी वितरणाच्या जाळ्यात दर पंधरा मिनिटांनी दाब टिपणारा साधा लॉगर आणि सेकंदाला शंभर किंवा त्याहून अधिक वेळा मोजणारा जलद सेन्सर एकाच वाहिनीवर बसवले, तरी त्यांना दिसणारे चित्र वेगळे असते. साध्या लॉगरमुळे रात्री मागणी घटल्यावर दाब किती चढतो आणि तो कमी करणारा व्हॉल्व्ह नीट चालतो की नाही, हे स्वस्तात आणि बॅटरी फारशी न खर्चता कळते. गळती आटोक्यात ठेवायला एवढी माहिती बहुधा पुरते.

मात्र पंप अचानक बंद पडला किंवा व्हॉल्व्ह झटक्यात मिटला, की उठणारी दाबलहर धातूच्या वाहिनीत सेकंदाला साधारण १००० मीटर वेगाने धावते, आणि प्रवाहाचा वेग एकदम १ मीटर प्रति सेकंदाने बदलल्यास दाब सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका उसळू शकतो. ही उसळी काही सेकंदांत विरते, म्हणून पंधरा मिनिटांच्या आलेखात तिचा मागमूसही राहत नाही. असे हेलकावे रोज बसत राहिल्यास सांधे आणि गंजलेल्या भिंती थकतात. वाहिनी फुटते तेव्हा दोष तिच्या वयाला दिला जातो, पण हे स्पष्टीकरण, किमान माझ्या मते, पुष्कळदा अर्धवट असते.

जलद सेन्सर महाग आहेत, त्यांचा विदा अवाढव्य असतो आणि त्याचा अर्थ लावायला जाणकार लागतो. त्यामुळे ते पंपगृहाजवळ आणि वारंवार फुटणाऱ्या वाहिन्यांवरच बसवावेत, बाकी जाळ्याला साधे लॉगर पुरेसे आहेत.