निकेलची ॲलर्जी आणि झिर्कोनियाचा ब्रिज: आईचा दीड वर्षाचा अनुभव

इमिटेशनचं कानातलं घातलं की आईच्या कानाची पाळी दुसऱ्याच दिवशी चिघळते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहितीये. पण दात बसवायला जाताना हे डॉक्टरांना सांगायला हवं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

खालची दाढ काढल्यावर शेजारचे दोन दात तासून ३ दातांचा ब्रिज (एकमेकांना जोडलेले पक्के दात, मधला रिकाम्या जागी, कडेचे दोन तासलेल्या दातांवर) बसवला, "सिरॅमिकचा आहे" म्हणाले. नंतर कळलं की आत धातूची टोपी असते आणि वरून सिरॅमिकचा थर, आणि स्वस्तातल्या ब्रिजमध्ये तो धातू बहुतेक वेळा निकेल-क्रोमियमच असतो. दोन महिन्यात हिरडी लालभडक, तोंडात सतत चुरचुर, आमटीसुद्धा झोंबायची.

दुसऱ्या डॉक्टरांचं मला हे फार आवडलं की त्यांनी लगेच ब्रिज काढायची घाई केली नाही. कड नीट बसली नसेल तरी हिरडी सुजते म्हणाल्या, आधी स्किनच्या डॉक्टरांकडून पॅच टेस्ट करून आणा. पाठीवर छोट्या छोट्या चकत्या चिकटवतात, ४८ तास पाठीला पाणी लावायचं नाही, भर मे महिन्यात आईचे फार हाल झाले. पट्ट्या काढल्यावर एकदा बघतात आणि दोन दिवसांनी परत. निकेलच्या जागी लाल चट्टा आणि त्यावर बारीक फोड, कोबाल्टला पण थोडं.

मग पर्याय. इम्प्लांट (ऑपरेशन करून जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू, त्यावर दात) टायटॅनियमचा असतो, निकेलवाल्या बहुतेकांना तो चालतो, त्यामुळे नुसतं "मेटल ॲलर्जी" ऐकून कुणी घाबरू नका. झिर्कोनियाचे इम्प्लांटही मिळतात, पण आईला शुगर आहे आणि ऑपरेशन नकोच होतं. काढता-घालता येणारी नायलॉनची फ्लेक्सिबल कवळी दाखवली, तिला तारेचे हूक नसतात (साध्या कवळीच्या स्टीलच्या हुकात निकेल असतं, हे लक्षात ठेवा), पण चावायला तेवढी घट्ट नाही. दात आधीच तासलेले, म्हणून पूर्ण झिर्कोनियाचा ब्रिज घेतला. झिर्कोनियम धातू आहे ना, असं मीही विचारलं, तर झिर्कोनिया हा त्याचा ऑक्साइड, म्हणजे सिरॅमिकच.

रंग जुळवताना डॉक्टरांनी आईला खिडकीपाशी उभं केलं, दिवे बंद केले, एकेक नमुन्याचा दात ओठाशी धरून बघितला आणि ए३ नंबरचा रंग ठरवला. ब्रिज येईपर्यंत प्लास्टिकचे तात्पुरते दात. महिन्याभरात हिरडी गुलाबी झाली, चुरचुर गेली, आता ज्वारीची भाकरी त्याच बाजूने चावते.

तक्रारी आहेतच. खर्च आधीच्या दुप्पट, रंग शेजारच्या दातांपेक्षा जरा पांढरटच वाटतो, आणि ब्रिजखाली अन्न अडकतं म्हणून रोज रात्री छोटा ब्रश फिरवावा लागतो, त्याचा तिला कंटाळा. तरी पैसे वसूल.

तुमच्याकडे कुणाला कानातलं, घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण असलं काही सोसत नसेल तर माप द्यायच्या आधीच विचारा, आत धातू आहे का, कुठला, आणि बिलावर लिहून घ्या. दात कशाचे बनवलेत ते लिहिलेलं लॅबचं कार्डही मागा. आईचं मी तिच्या शुगरच्या फाइलमध्येच लावून ठेवलंय.