बॅश की पायथन? काही महिने दोन्ही वापरल्यानंतर

रोजचा डेटाबेस बॅकअप, जुने लॉग आवरणं आणि स्कॅन केलेल्या पीडीएफना नीट नावं देणं, ही कामं मी गेले काही महिने बॅश (कमांड चालवणारं शेल आणि त्याची भाषा) आणि पायथन (प्रोग्रामिंग भाषा) दोन्हींत चालवली. माझं मत स्पष्ट आहे: कोणत्या भाषेत ओळी कमी लागतात हे बघत बसू नका. काम मधेच फसलं तर ती भाषा काय करते, ते बघा.

बॅश १९८९ पासून आहे, बहुतेक लिनक्स सर्व्हरवर आयतं मिळतं आणि चार कमांड पाइपने (एकीचं आउटपुट पुढचीला देऊन) जोडायच्या तर त्याला तोड नाही. पण एक कमांड फसली तरी ते पुढची ओळ चालवतं. फोल्डर सापडलं नाही म्हणून 'सीडी' (फोल्डर बदलणारी कमांड) फसलं, तरी खालचं 'आरएम' (फाइली पुसणारी कमांड) चालतं, तेही तुम्ही आहात त्याच फोल्डरमध्ये! वर 'सेट -ई' (कमांड फसताच थांब) लिहिलं की हा धोका टळतो. पाइपचं मात्र तेवढ्यावर भागत नाही, कारण तिथे शेवटच्या कमांडचाच निकाल धरला जातो. डंप (डेटाबेसची उतरवलेली प्रत) अर्ध्यात तुटला आणि जीझिपने (फाइल दाबून लहान करणारं टूल) तेवढाच तुकडा व्यवस्थित बांधला, की स्क्रिप्टच्या लेखी सगळं ठीक. म्हणून पाइपमधली कोणतीही कमांड फसली तरी सगळं फसलं असं धरणारं 'पाइपफेल' हवंच.

नावांचा त्रास वेगळा. 'सातबारा उतारा.पीडीएफ' हे नाव व्हेरिएबलमध्ये असेल आणि त्याभोवती अवतरणचिन्हं नसतील, तर बॅशला दोन फाइली दिसतात. शेलचेक हे टूल अशा चुका पटकन दाखवतं, ते जरूर लावा.

पायथनच्या सबप्रोसेसला (बाहेरच्या कमांड चालवणारा भाग) कमांड यादीच्या रूपात दिली की मधे शेल येत नाही, स्पेसवालं नाव जसंच्या तसं पोचतं. पण 'चेक=ट्रू' (फसल्यास एरर दे) दिलं नाही, तर फसलेली कमांड इथेही मुकाट्याने मागे पडते. पायथन घेतलं म्हणजे निर्धास्त झालो, असं समजू नका. नावातली तारीख वाचून फाइल त्या महिन्याच्या फोल्डरात टाकणं, जेसन (डेटा मजकुरात लिहायची एक पद्धत) वाचणं, यात मात्र ते फार सुखाचं आहे.

मॅकसोबत येणारं बॅश अजून ३.२ आहे. असोसिएटिव्ह अ‍ॅरे (नावावरून मूल्य शोधायच्या याद्या) २००९ च्या ४.० मध्ये आले, त्यामुळे ते वापरणारी सर्व्हरवरची स्क्रिप्ट तिथे अडते.

बॅकअप मी बॅशमध्येच ठेवलाय, नावांचं काम पायथनमध्ये. तेही फक्त स्टँडर्ड लायब्ररीवर (पायथनसोबतच येणारा कोड). डेबियन (एक लिनक्स) १२ पासून सिस्टिमच्या पायथनवर पिप (बाहेरची पॅकेजं बसवणारं टूल) थेट इन्स्टॉल करू देत नाही, आणि क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) छोट्या स्क्रिप्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा (पॅकेजांसाठीची वेगळी जागा) पसारा मला नको आहे.