ट्रोव्ह : खाणगावचं वर्तमानपत्र मुंबईतून वाचताना

ब्रोकन हिल हे ऑस्ट्रेलियातलं चांदी, शिसं आणि जस्ताच्या खाणींचं गाव. तिथलं ‘बॅरिअर माइनर’ १८८८ साली निघालं, १९७४ला बंद पडलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ संकेतस्थळावर त्याचे १९५४पर्यंतचे अंक फुकट आहेत. वाचायला खातंही उघडावं लागत नाही. गिरणगावच्या संपांवर काम करणाऱ्यांना तुलनेसाठी सोन्यासारखी सोय. फक्त शोधखिडकीवर विसंबायचं नाही.

गोची अक्षरओळखीत, म्हणजे पानाच्या चित्रावरून यंत्राने मजकूर वाचण्यात आहे. जुन्या छपाईतली शाई पसरलेली, त्यामुळे यंत्र इंग्रजी ‘ई’ला सर्रास ‘ओ’ समजतं: ‘द’चं ‘थो’, ‘माइन’चं ‘मिनो’. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द तर बऱ्याचदा हातीच लागत नाही. म्हणून चुकीच्या स्पेलिंगनेही शोधा. दोन शब्द अवतरणचिन्हांत घालून मागे ‘~५’ जोडलं की मधे चार-दोन शब्द आले तरी चालतं. स्पेलिंग त्या काळचं हवं. ‘हिंदू’ शेवटी दोन ‘ओ’ लावून. ब्रिटिश हिंदुस्थानातून गेलेले उंटवाले मात्र ‘अफगाण’ म्हणूनच सापडतील, मग मूळ गाव कुठलंही असो. १ जानेवारी १९१५ला ब्रोकन हिलजवळ सहलीच्या रेल्वेगाडीवर गोळीबार झाला, त्या आठवड्याचे अंक शोध न घेता पानोपान चाळावेत.

चूक दिसली तर दुरुस्त करता येते. मूळ पानाशेजारी यंत्राचा मजकूर असतो. ओळ बदलून जतन केली की पुढच्याला ती शोधात सापडते. हे लॅपटॉपवरच करावं. लोकलमध्ये मोबाइलवर बोट हमखास भलत्याच ओळीवर पडतं.

खरी उणीव वेगळीच. कामगार संघटनांच्या मालकीचं ‘बॅरिअर डेली ट्रुथ’ १९०८पासून दैनिक झालं, पण त्याचे अंक इथे तुटक आहेत. १९१९-२०चा संप १८ महिने चालला. तो फक्त ‘माइनर’मधून वाचणं म्हणजे कामगारनेते नारायण मेघाजी लोखंड्यांचा ‘दीनबंधू’ बाजूला ठेवून गिरणीमालकांच्या बाजूने मुंबई समजून घेणं. कामाला बसण्याआधी दोन्ही पत्रांची उपलब्ध वर्षं तपासा.

उतरवून घेताना नुसती बातमी नको, पूर्ण पानाची पीडीएफ घ्या. कापलेल्या बातमीत शेजारच्या जाहिराती जातात, आणि संपाच्या दिवसांत दुकानदार उधारी देत होते की नाही हे कधी कधी तिथेच कळतं.